माणसांसाठी नसलेली बाटली

दमयंती म्हात्रे भांडखोर बाई आहे, असं आमच्या कंपनीत सगळे म्हणत. मीही म्हणत असे. तिला कामावरून काढलं त्या दिवशी प्रणितशेठनी सगळ्या स्टाफसमोर हाच शब्द वापरला, आणि आम्ही नऊ माणसं खाली बघत उभे राहिलो. ती कशासाठी भांडली हे आमच्यातल्या निम्म्यांना माहीत होतं. मला तर सगळंच माहीत होतं. म्हणून हे लिहायला बसलोय.

माझं नाव यूनुस. जन्म पनवेलचा. आखातात सहा वर्षं काढून परत आलो आणि पळस्प्याच्या बाजूला असलेल्या या कंपनीत ऑर्डरी नोंदवायच्या कामाला लागलो. कंपनी स्वतः काही बनवत नाही. प्रयोगशाळांना लागणारी रसायनं आणि प्रथिनं परदेशातून मागवायची, थंड ठेवायची आणि मुंबई-पुण्याच्या संशोधन संस्थांना पोचवायची, एवढाच धंदा. माल असतो करंगळीच्या पेराएवढ्या बाटल्यांमध्ये. बाटली उजेडात धरली तर तळाशी पांढरा पापुद्रा दिसतो, कधी तोही दिसत नाही. रिकामी बाटली पाठवली म्हणून गिऱ्हाईक फोन करतं आणि मग त्याला समजावून सांगावं लागतं.

हा माल थंड ठेवायची कोल्डरूम दमयंती सांभाळायची. ती जासईची. तिचे वडील मिठागरावर होते. ती लहान असतानाच मिठागरं गेली आणि तिथे कंटेनरची यार्डं उभी राहिली. नवरा महादेव त्याच यार्डांतून ट्रेलर चालवतो. दमयंती दहावी पास. कंपनीत आली ती झाडलोटीला, मग पॅकिंगला लागली, आणि पाचेक वर्षांत अशी वेळ आली की कुठली बाटली कुठल्या फ्रीजरच्या कुठल्या खणात आहे हे कॉम्प्युटरआधी ती सांगायची. तिची एक खास सवय होती. गारठ्यात बाटलीवरची चिठ्ठी सुटून पडते, म्हणून माल आला की ती प्रत्येक बाटलीच्या टोपणावर काळ्या मार्करने लॉट नंबरचे शेवटचे चार आकडे लिहायची आणि खाली एक आडवी रेघ ओढायची. तिचा सात कोयत्यासारखा वाकडा. असं करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

भांडखोर हे नाव तिला कधी पडलं तेही सांगतो. एका मे महिन्यात रात्रभर वीज गेली, जनरेटर चालू झाला नाही, आणि सकाळी उणे वीसचा फ्रीजर उणे तीनवर आलेला. शेठनी तिला रजिस्टरमध्ये उणे वीस लिहायला सांगितलं. तिने उणे तीन लिहिलं. शेठ म्हणाले पान बदला. ती म्हणाली पान तुम्ही बदला आणि सही पण तुमचीच करा, माझी सही उणे तीनच्या खालीच राहील. सोळा बाटल्या टाकून द्याव्या लागल्या. शेठ महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. आम्हीही तिला समजावलं की एवढं ताणू नये, शेवटी नोकरी आहे. त्यावर तिने फक्त विचारलं, “ती बाटली घेऊन दोन वर्सं राबणाऱ्या पोरीला तुमी काय सांगाल?”

ही पोरगी म्हणजे माझी भाची तूबा असू शकली असती. तूबा माझ्या बहिणीची मुलगी, नवी मुंबईतल्या एका संस्थेत हाडांच्या पेशींवर पीएचडी करते. तिला लागणारं प्रथिन आमच्याकडूनच जायचं. नाव ऑस्टिओपॉन्टिन. एकदा कुरिअरवर विश्वास नाही म्हणून ती स्वतः बाटली न्यायला आली, तेव्हा दमयंतीने तिला खुर्चीत बसवून विचारलं की ह्या बाटलीत नेमकं असतं काय, मी इतकी वर्षं सांभाळतेय, मला कुणी सांगितलेलं नाही.

तूबाने मन लावून सांगितलं. हाड म्हणजे नुसता चुना नव्हे. चुन्याच्या आत प्रथिनांचं एक जाळं असतं, त्याच्या आधाराने चुना बसतो आणि पेशी हाडाला धरून राहतात. ह्या बाटलीत आहे ते त्या जाळ्यातलं एक प्रथिन. माणसाच्या शरीरात ते बनवण्याची जी सूचना असते, ती प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये घालतात, मग त्या पेशी ते प्रथिन बनवतात. म्हणून माणसाचं, पण कुणा माणसातून काढलेलं नव्हे. आम्ही ते काचेच्या बशीवर लेपतो, वर पेशी सोडतो आणि किती चिकटतात ते बघतो.

“म्हणजे हे टोचलं तर मोडलेलं हाड जुळंल?” दमयंतीने विचारलं.

तूबा म्हणाली, मावशी, तसं काही नाही. टोचायची वस्तूच नाही ही. औषध व्हायला ज्या चाचण्या लागतात त्यातली एकही हिच्यावर झालेली नाही. आणि बाटलीवरची ओळ तिने बोटाने दाखवली. केवळ प्रयोगशाळेतील संशोधनासाठी, माणसांवर वापरण्यासाठी नाही. ती ओळ इंग्रजीत असते, अक्षरं मुंगीएवढी. दमयंतीने ती मराठीत वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतली. पुढे कुणी नवीन पोरगी पॅकिंगला आली की तिला आधी ती ओळ पाठ करायला लावायची. आम्ही हसायचो.

आता ज्या गोष्टीचा मला संताप येतो ती सांगतो. त्यात माझा वाटा आहे, तो लपवणार नाही.

साधारण तूबा येऊन गेली तेव्हापासूनच ऑस्टिओपॉन्टिनच्या ऑर्डरी एका नव्या गिऱ्हाइकाकडून येऊ लागल्या. नाव अस्थी संशोधन केंद्र, पत्ता पनवेलचाच. आधी महिन्याला एक बाटली, मग तीन, मग पाच. तूबाच्या अख्ख्या संस्थेला वर्षाला चार पुरायच्या. असा माल विकताना गिऱ्हाइकाकडून लिहून घ्यावं लागतं की आम्ही हा फक्त प्रयोगशाळेत वापरू. या केंद्राचा सही-शिक्क्याचा कागद दर वेळी बिनचूक यायचा. मी तो फाइलला लावायचो. पत्ता वाचून मला एकदा वाटलं होतं की हा तर डॉक्टरच्या दवाखान्याचा पत्ता, खाली मेडिकलचं दुकान आहे, तिथे प्रयोगशाळा कुठून आली? वाटलं, आणि मी पुढची ऑर्डर नोंदवली.

दमयंतीची एक आत्या आहे, भीमाबाई, चिरनेरला राहते. आई लवकर गेल्यामुळे दमयंतीला तिनेच वाढवलं. आत्याला मूलबाळ नाही. वय सत्तरीच्या आसपास असेल, पण गेल्या वर्षापर्यंत डोंगरात एकटी जायची. त्या वैशाखात काजूच्या बिया गोळा करताना उतारावर पाय सरकला आणि नडगीचं हाड मोडलं. ऑपरेशन करून आत धातूची पट्टी घातली, स्क्रू बसवले. दिवाळी आली तरी हाड जुळलं नाही. डॉक्टर म्हणाले आणखी एक ऑपरेशन करावं लागेल. आत्या घाबरली. कुणीतरी तिला सांगितलं की पनवेलला एक डॉक्टर आहे, तो कापत नाही, नुसतं इंजेक्शन देतो, हाड आपोआप भरतं. गावोगाव त्याला ‘हाडाचं खत’ म्हणत. भाताला जसं खत तसं हाडाला. दमयंतीला सांगितलं तर ती नाही म्हणेल, या भीतीने आत्याने तिला काही कळवलं नाही. शेजाऱ्याच्या रिक्षातून तीन वेळा पनवेलला आली, तीन इंजेक्शनं घेऊन गेली.

माघात गावात लग्नाची हळद होती म्हणून दमयंती चिरनेरला गेली. आत्या हळदीला आली नव्हती. घरात पलंगावर पडून होती, पाय टम्म सुजलेला, नडगीवरून हात फिरवला तर कढत, आणि जखमेच्या जागी पाणी येत होतं. दमयंतीने विचारलं तेव्हा आत्याने सगळं सांगितलं. आणि सांगता सांगता कौतुकाने उशाखालून एक छोटीशी बाटली काढली. हॉस्पिटलात काढून ठेवलेली नाकातली मोरणी तिने त्यात ठेवली होती. दवाखान्यातल्या कंपाउंडरकडे तिनेच मागितली होती, बाटली छान आहे म्हणून.

बाटलीवरची चिठ्ठी खरवडून काढलेली होती. टोपणावर मात्र काळ्या शाईत चार आकडे होते, शेवटचा सात वाकडा, आणि खाली आडवी रेघ.

दमयंतीने मला हे दुसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा तिचा आवाज चढलेला नव्हता. ती कोल्डरूमच्या दारात उभी होती, अंगावर जाड जॅकेट, आणि ती बाटली तिने माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाली, “यूनुसभाई, माज्या हातानं गेलीय. मी पुसून, पॅक करून, वर बरफ ठेवून पाठवलीय. माज्या आत्याच्या पायात.”

मी काय बोललो ते लिहायला लाज वाटते. मी म्हणालो, आधी शेठशी बोल.

शेठशी ती बोलली. प्रणितशेठ वाईट माणूस नाहीत असं मी अनेक वर्षं मानत आलो. घरचे शेतकरी, जमीन गेल्यावर मिळालेल्या पैशाचं काय करायचं हा प्रश्न पडला तेव्हा इमारती न बांधता हा धंदा उभा केला, याचा मला आदर होता. त्यांनी दमयंतीला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आत्याची चौकशी केली. मग फाइल मागवून तो सही-शिक्क्याचा कागद तिच्यासमोर ठेवला. त्यांचं म्हणणं असं की आपण बाटली विकतो. घेणाऱ्याने लिहून दिलंय. पुढे तो काय करतो हे बघायला आपण पोलीस नाही.

दमयंतीने विचारलं की त्या पत्त्यावर प्रयोगशाळा आहे का, हे आपल्यापैकी कुणी कधी बघितलंय? शेठ म्हणाले, दमयंतीताई, असे पत्ते बघत बसलो तर धंदा बंद करावा लागेल. वर त्यांनी असंही सुचवलं की आत्याच्या उपचाराचं मी बघतो, पण विषय इथेच संपवू. तिने पाण्याचा पेला तसाच ठेवला आणि उठली.

आत्याला तिने त्याच दिवशी पनवेलच्या सरकारी रुग्णालयात दाखल केलं. हाडापर्यंत जंतू गेले होते.

त्यानंतर आठवड्याने केंद्राची पुढची ऑर्डर आली. पाच बाटल्या. पोचवणारा माणूस सुट्टीवर होता म्हणून, किंवा तसं कारण सांगून, दमयंतीने पार्सल स्वतः न्यायचं ठरवलं. मला म्हणाली तुमी चला, मना एक मानूस पायजे बघायला. मी गेलो. तेवढं एक मी केलं.

दवाखाना पहिल्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत पंधरा-वीस माणसं बसलेली, बहुतेक खेड्यांतली. कुणाच्या हाताला झोळी, कुणाच्या पायाला प्लास्टर. एका दारावर संशोधन केंद्राची पितळी पाटी होती. कंपाउंडरने सहीसाठी ते दार उघडलं. आत प्लास्टरच्या पोत्यांची चळत, एक मोडका वजनकाटा आणि घरगुती फ्रीज. त्याने दमयंतीच्या हातातला थर्माकोलचा डबा घेतला, उघडला, बाटल्या काढल्या आणि फ्रीजच्या दारात ठेवू लागला. शेजारी इडलीच्या पिठाचं पातेलं आणि थंड पेयाची अर्धी बाटली.

दमयंतीने त्याचा हात धरला. पाचही बाटल्या परत डब्यात ठेवल्या, डबा बंद केला आणि काखेत घेतला. कंपाउंडर ओरडू लागला. ती बाहेरच्या खोलीत आली. मला वाटलं निघणार. ती निघाली नाही. खोलीच्या मधोमध उभी राहिली, एक बाटली बाहेर काढली आणि लोकांना सांगू लागली की हे जे तुम्हाला हाडाचं खत म्हणून टोचतात ते औषध नाही. ही बाटली मी सांभाळते. ह्याच्यावर काय लिहिलंय ते ऐका. आणि पुठ्ठ्यावर लिहिलेली ती ओळ तिने तोंडपाठ म्हणून दाखवली, एकदा, मग पुन्हा सावकाश.

आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. त्यांचं नाव लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे. ते घाईत नव्हते. चष्मा काढून त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “तुमचं शिक्षण किती?”

“धावी.”

“मी हाडांचा डॉक्टर आहे. वीस वर्षं. तुम्ही मला शिकवणार?”

“मना वाचता येतं,” दमयंती म्हणाली. “तुमाला पण येतं. म्हणून तर चिठ्ठी खरवडलीत.”

डॉक्टरांनी मग लोकांकडे वळून सांगितलं की ह्या बाईच्या नातेवाइकाची केस बिघडली, त्याचा राग आहे, दरवेळी गुण येतोच असं नाही. विज्ञान असंच पुढे जातं, कुणाला तरी आधी घ्यावं लागतं.

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं. कुणाला तरी आधी घ्यावं लागतं. जे प्रथिन उंदराला द्यायलाही तूबाच्या संस्थेत समितीची परवानगी लागते, कागद लागतात, का देताय आणि किती उंदीर ते लिहून द्यावं लागतं, ते इथे चिरनेरच्या म्हातारीला काय आहे ते न सांगता दिलं जातं. उंदराला जेवढा मान आहे तेवढाही आमच्या माणसांना नाही. आणि हे सगळं पितळी पाटी लावून.

डबा घेऊन आम्ही खाली उतरलो. रिक्षात बसल्याबरोबर दमयंतीने आधी बर्फाच्या पिशव्या चाचपून पाहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला काढलं. कारण असं दिलं की गिऱ्हाइकाचा माल परवानगीशिवाय परत आणला आणि कंपनीची बदनामी केली. तेव्हाच शेठनी भांडखोर हा शब्द वापरला आणि आम्ही नऊ माणसं खाली बघत राहिलो. तिने जॅकेट काढून खुर्चीवर ठेवलं, फ्रीजरच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाली की तीन नंबरच्या फ्रीजरचं रबर सैल झालंय, लवकर बदला.

त्या संध्याकाळी तूबा माझ्या घरी आली. तिला दमयंतीने फोन केला होता. तक्रार लिहायची होती, औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याकडे. त्यासाठी केंद्राच्या ऑर्डरींच्या प्रती हव्या होत्या आणि त्या माझ्या कॉम्प्युटरवर होत्या. मी तूबाला सांगितलं की माझी दोन मुलं शिकतायत, निवृत्तीला सहा वर्षं राहिलीत, थोडं थांब. तूबा उठली. चहाही घेतला नाही. जाताना दारात चपला घालताना म्हणाली, “मामू, मी ज्या पेशींवर काम करते ना, त्या खराब झाल्या तर मी रात्रभर रडते. पेशींसाठी.”

दोन दिवस मी थांबलो. तिसऱ्या दिवशी अकरा महिन्यांच्या ऑर्डरी छापल्या, प्रत्येकीवर सही केली आणि तूबाकडे दिल्या. हे शौर्य नव्हतं. शौर्य असतं तर ते पहिल्या ऑर्डरीला पत्ता वाचला तेव्हा दाखवायला हवं होतं.

तक्रार तूबाने लिहिली, सोबत बनवणाऱ्या कंपनीचं माहितीपत्रक जोडलं. दमयंतीने मोरणीची बाटली जोडली. आत्याने मोरणी काढून नाकात घातली आणि बाटली दिली. नवव्या दिवशी अधिकारी आले. मुख्य अधिकारी बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. दवाखान्यात त्यांना रिकाम्या बाटल्या सापडल्या, चिठ्ठ्या खरवडलेल्या, आणि एकूण एक टोपणावर काळे आकडे आणि रेघ. डॉक्टरांनी म्हटलं की ह्या बाटल्या आमच्या नाहीत. अधिकारीबाईंनी दमयंतीला बोलावून कोऱ्या कागदावर दहा वेळा सात लिहायला सांगितला.

दवाखान्याला टाळं लागलं. आमच्या कंपनीलाही नोटीस आली. शेठनी सांगितलं की आमची फसवणूक झाली, आणि आता माल देण्याआधी प्रयोगशाळा प्रत्यक्ष बघून यायचा नियम केला आहे. ते काम त्यांनी माझ्याकडे दिलंय. मला का काढलं नाही हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोलतो. दमयंतीला परत घ्या म्हणून मी दोनदा बोललो. दोन्ही वेळा त्यांनी टेबलावरचा फोन उचलून दुसऱ्याच कुणाशी बोलायला सुरुवात केली.

आत्याच्या पायाची तीन ऑपरेशनं झाली. जुनी पट्टी काढली, सडलेलं हाड काढलं, नवा दांडा घातला. पाय दीड इंच आखूड झाला. आता वॉकर घेऊन अंगणापर्यंत चालते. डोंगर बंद. दमयंतीने तिला जासईला आणून ठेवलंय. एकदा मी भेटायला गेलो होतो तेव्हा आत्या सारखी म्हणत होती की माज्यामुलं पोरीची नोकरी गेली, मी तिला इचारायला पायजे होतं, माजीच चूक हाय. दमयंती भाकऱ्या थापत होती. तिने हातातली भाकरी परातीत टाकली.

“गुन्हा त्यानं केला आनि माफी तू मागतंस. परत मागू नको. मना राग येतो,” ती म्हणाली आणि दुसरा गोळा घेतला.

जासईत तिचा सत्कार करायचं ठरलं होतं. शाल, श्रीफळ, फोटो. तिने नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं तर तिने मंडळाच्या पोरांना उलट विचारलं की अकरा महिन्यांत त्या दवाखान्यात एकतीस बाटल्या गेल्या. माझ्या आत्याच्या तीन. बाकीच्या अठ्ठावीस कुणाच्या अंगात आहेत? डॉक्टरांच्या वहीत धड नावं नाहीत. कुणी सुजून पडलं असेल, कुणी आत्यासारखंच उशाखाली बाटली ठेवून बसलं असेल. त्यांच्याकडे कोण गेलं?

कुणी गेलं नव्हतं. म्हणून ती जाते. सध्या एका खाजगी रुग्णालयाच्या रक्तपेढीत तिला काम मिळालंय, तिथेही थंडीचंच. रविवारी सुट्टी असते. महादेव मोटरसायकलवर तिला गावोगाव नेतो, त्याला जमलं नाही तर मी नेतो. विचारत विचारत आतापर्यंत सात माणसं सापडली. दोघांना तिने रुग्णालयात पोचवलं, तिघांना काही झालेलं नाही, एक जण बोलायलाच तयार नव्हता.

सातवा आपटा गावचा. काळूराम नावाचे पासष्टीचे गृहस्थ, नदीकाठी घर, पाताळगंगेत मासेमारी करायचे. मनगट मोडलेलं, दोन इंजेक्शनं घेतलेली. आम्ही गेलो तेव्हा ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसले होते. दमयंतीने सगळं नीट सांगितलं आणि तपासून घ्या म्हणाली. त्यांनी तिच्यासमोर मूठ उघडून मिटून दाखवली.

“माजा हात त्या डॉक्टरनं बरा केला,” ते म्हणाले. “तू त्याचा दवाखाना बंद केलास. आता आमच्या लोकांनी जायचं कुटं?”

तिने सांगून पाहिलं की हात आपोआप जुळला असेल, चार महिन्यांत मनगट जुळतंच, त्याचं श्रेय त्या बाटलीला नाही. त्यांनी ऐकून घेतलं नाही. त्यांच्या सुनेने आम्हाला पाणी दिलं होतं, तिला त्यांनी पेले आत न्यायला सांगितले. आम्ही उठलो.

आम्ही पुलापर्यंत आलो. तिथे दमयंतीने मला गाडी थांबवायला लावली आणि बोलायला लागली. डॉक्टरवर तिचा राग होताच, पण त्या वेळी ती त्यांच्याबद्दल बोलत नव्हती. ती म्हणत होती की त्या म्हाताऱ्याने विचारलं ते खोटं आहे का? आपट्याच्या माणसाचं हाड मोडलं तर जवळ कोण आहे? कुणी नीट बसवून सांगितलंय का त्याला कधी की हाड कसं जुळतं, किती दिवस लागतात? तूबाने मला सांगितलं तसं? त्याला एक डॉक्टर भेटला, त्याने खांद्यावर हात ठेवला आणि खोटं सांगितलं. खरं सांगायला कुणी आलंच नाही तर तो खोट्यालाच धरणार.

मग तिने मला विचारलं की पुढच्या रविवारी तूबा मोकळी आहे का. मी फोन लावून दिला. तूबा म्हणाली प्रयोग चालू आहे, पण सकाळचे दोन तास काढते. दमयंतीने तिला सांगितलं की आपट्याच्या लोकांना हाड कसं जुळतं ते सांगायला जायचंय, येताना हाडाचं एखादं मोठं चित्र आण, आणि मराठीत बोल, तुझी ती इंग्रजी नावं घेऊ नको.